स्वतःचा घोडा घेऊन खानापूरच्या रानात: परवानगीपासून परतीपर्यंतची कामे, त्यांच्या क्रमाने

थंडी सुरू झाली की आमच्या बेळगाव-खानापूर भागात (कर्नाटक) घरी घोडा बाळगणारे पुष्कळ जण रविवारी पहाटे घोडा टेम्पोत चढवतात, जांबोटीचा किंवा हेम्माडग्याचा रस्ता धरतात आणि वनखात्याच्या नाक्यावर पोहोचल्यावर पहिल्यांदा परवानगीची चौकशी करतात. तेथून परत फिरावे लागते, घोडा दोन वेळा विनाकारण गाडीत उभा राहतो आणि दिवस वाया जातो. ज्यांना कोणी अडवत नाही त्यांचे हाल पुढे होतात, कारण कालच ठोकलेली नाल जांभ्या दगडावर सैल होते, अचानक बदललेल्या चाऱ्याने घोड्याचे पोट धरते आणि जवळपास घोड्याची माहिती असलेला डॉक्टर नसतो.

यातील बहुतेक चुका क्रमाच्या आहेत. रक्ताच्या तपासणीला आणि लसीच्या दोन मात्रांना आठवडे लागतात, चारा बदलायला दोन आठवडे लागतात, नवी नाल अंगवळणी पडायला आठवडाभर लागतो. ही कामे शेवटच्या दोन दिवसांत उरकत नाहीत. म्हणून पुढील टप्पे ठरवलेल्या तारखेच्या ६० दिवस आधीपासून मोजले आहेत, आणि ते याच क्रमाने करावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

टप्पा १: कोणत्या जमिनीवर जाणार हे ठरवा (६० दिवस आधी)

‘रान’ हा आपल्या बोलण्यातला एकच शब्द आहे, पण कायद्याच्या दृष्टीने खानापूर तालुक्यातील रान तीन प्रकारचे आहे. पहिले भीमगड वन्यजीव अभयारण्य, ज्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. दुसरे अभयारण्याबाहेरचे राखीव वन. तिसरे गावांच्या शिवारातून, गायरानातून आणि खाजगी मालकीच्या जमिनींतून जाणाऱ्या वाटा. घोड्यासाठी या तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

अभयारण्यात कोण शिरू शकतो हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ मध्ये सांगितले आहे. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून प्रवास करणाऱ्याला त्यात सूट आहे, परंतु ती सूट रस्त्यापुरतीच असते. रस्ता सोडून कडेच्या पायवाटेवर घोडा वळवला की परवाना लागतो. हा परवाना कलम २८ खाली अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि अभयारण्यात राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार एवढ्याच कारणांसाठी मिळू शकतो. शिवाय याच कायद्याच्या व्याख्येत घोडा ‘पशुधन’ या शब्दात स्पष्टपणे मोडतो, आणि कलम ३३-अ नुसार लसीकरण झाल्याशिवाय कोणतेही पशुधन अभयारण्यात नेता येत नाही. ‘आम्ही चरायला सोडणार नाही, फक्त बसून जाणार आहोत’ हे उत्तर त्यामुळे उपयोगाचे नाही.

पहिल्याच वेळी अभयारण्याचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राखीव वनातील गाडीवाट आणि तिला जोडलेली शिवारातली वाट मिळून दहा-बारा किलोमीटरचा फेरा घोड्याला आणि स्वाराला पुरेसा असतो, आणि त्यात काही चुकले तरी डांबरी रस्ता जवळ राहतो. बारापेडे गुहांचा परिसर तर यादीतून काढूनच टाकावा. तेथे राहणारे राऊटनचे वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडते आणि त्याच्या आसपास घोड्यांच्या टापांचे काही काम नाही. घटप्रभा पक्षी अभयारण्याच्या काठाबद्दलही हेच म्हणेन. हिवाळ्यात तेथे पाणपक्षी उतरलेले असतात.

ऋतूचा विचारही याच वेळी करावा. जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस इतका असतो की वाटांचे ओहोळ होतात आणि खुरांनी ओल्या वाटेची माती कायमची खचते. फेब्रुवारीपासून पुढे वणव्याची भीती असते आणि वाटा बंद होण्याचा संभव असतो. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ योग्य, पण नोव्हेंबरात भाताची कापणी आणि मळणी चालू असते, तेव्हा शिवारातील वाटेवर भाताच्या गंज्या आणि बैलगाड्या असतात. गावकऱ्यांना विचारूनच तारीख धरावी.

*सावधान:* चोर्ला आणि कणकुंबीच्या बाजूच्या वाटा गोव्यात उतरतात, तर उत्तरेकडच्या काही वाटा चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात जातात. रानात सीमेचा दगड दिसेलच असे नाही. कर्नाटकातील परवानगी दुसऱ्या राज्यात चालत नाही; म्हणून नकाशावर सीमेपासून किमान एक-दोन किलोमीटर अलीकडेच परतीची जागा नक्की करावी.

टप्पा २: लेखी अर्ज (५५ ते ६० दिवस आधी)

अर्ज कन्नडमध्ये असावा. कार्यालयाचा व्यवहार कन्नडमध्ये चालतो आणि मराठी अर्ज बाजूला पडून राहिला तर आपलेच दिवस जातात. लिहिता येत नसेल तर गावातील शिक्षकांकडून किंवा अर्ज लिहून देणाऱ्याकडून लिहून घ्यावा आणि प्रत्येक ओळ वाचून घेऊन समजून घ्यावी. आपण ज्यांना ‘रेंजर साहेब’ म्हणतो ते अर्जात ‘वलय अरण्याधिकारी’ असतात आणि त्यांच्या वरचे विभागीय अधिकारी ‘उप अरण्य संरक्षणाधिकारी’. अर्ज विभागीय कार्यालयाच्या नावे करून त्याची प्रत वलय कार्यालयात द्यावी आणि दोन्हीकडून पोच घ्यावी.

अर्जात घोड्यांची संख्या, प्रत्येकाचा रंग, लिंग आणि अंगावरील खुणा, स्वारांची नावे, वाटेचा नकाशा, आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ, टेम्पो कोठे थांबणार ती जागा आणि लीद परत नेण्याची हमी, एवढे सर्व लिहावे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण लिहित नाहीत. माझ्या अनुभवात तो वाचल्यावर अधिकाऱ्यांच्या बोलण्याचा सूर बदलतो.

पायी ट्रेकसाठी ऑनलाइन काढलेले तिकीट हा घोड्याचा परवाना नव्हे. तोंडी होकारावरही विसंबू नये. एकदा सकाळी एका नाक्यावर मला ‘जा, काही हरकत नाही’ असे सांगण्यात आले. दुपारी परतताना पाळी बदलली होती, नवीन माणसाला त्याची कल्पना नव्हती, आणि तापलेल्या घोड्याला उन्हात दीड तास उभे राहावे लागले. कागद हाती असता तर ही वेळ आली नसती.

*तपासणी:* पुढच्या टप्प्याकडे जाण्याआधी कार्यालयात दोन प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवा. आरोग्य दाखला किती दिवसांच्या आतील चालतो? आणि वाटेवर वनरक्षक किंवा वाटाड्या सोबत घेणे बंधनकारक आहे का?

टप्पा ३: रक्ततपासणी आणि लसी (४५ ते ५० दिवस आधी)

घोड्याच्या बाबतीत सर्वांत गंभीर रोग ग्लँडर्स. तो घोड्यांत पसरतो, माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि २००९ च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे बाधित जनावर मारावे लागते. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी आणि फुटलेले व्रण ही त्याची लक्षणे आहेत, पण दिसायला धडधाकट घोड्यातही तो असू शकतो. म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्ताचा नमुना देऊन निर्दोष असल्याचा दाखला घ्यावा. नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. या विषयाची राष्ट्रीय संस्था हरियाणातील हिसार येथे आहे. अहवाल यायला वेळ लागतो, आणि हा टप्पा इतका आधी ठेवण्याचे कारण तेच आहे.

धनुर्वाताची लस घोड्याला पूर्वी कधीच दिलेली नसेल तर पहिल्या दोन मात्रांमध्ये चार ते सहा आठवड्यांचे अंतर लागते. खिळा, काटा, तार यांनी झालेल्या बारीक जखमेतून घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो, त्यामुळे ही लस टाळू नये. रेबीजची लसही द्यावी. नमुना आणि पहिली लस एकाच भेटीत होऊ शकते.

जनावर गाडीतून नेताना पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला लागतो. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांत तशी तरतूद आहे. तो अगदी आदल्या एक-दोन दिवसांत घ्यायचा असतो, पण त्याची वेळ आजच ठरवून ठेवावी. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्यांनी वाटेत महाराष्ट्राची हद्द लागते का हेही पाहावे, कारण कोगनोळीसारख्या नाक्यावर जनावराची गाडी हमखास थांबवली जाते.

*सावधान:* गोचीड मारण्यासाठी गाई-म्हशींना लावतात ते अमिट्राझचे औषध घोड्याला कधीही लावू नये. त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते आणि प्राणघातक पोटशूळ होऊ शकतो. घोड्यासाठी परमेथ्रिनचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरावे. तसेच काही पशुखाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन असते; गाईला ते चालते, घोड्याला त्याची अल्प मात्राही मारक ठरते. गोठा आणि पागा शेजारी असतील तर दोन्हींची पोती आणि घमेली वेगळी ठेवावीत.

टप्पा ४: घोड्याचे वजन, स्वाराचे वजन आणि सराव (सहा ते आठ आठवडे)

शर्यतीचा घोडा डोंगरवाटेला आपोआप योग्य ठरतो, हा मोठा गैरसमज आहे. सपाट माळावर दोन-तीन किलोमीटर चौखूर धावणे वेगळे आणि चार तास चढउतारावर ओझे घेऊन पावलाच्या चालीने चालणे वेगळे. त्यात स्नायू वेगळे लागतात आणि डोकेही वेगळे लागते.

आधी वजनाचा हिशोब करावा. पुढच्या पायांच्या मागून, तंग (खोगीर आवळण्याचा पोटाखालचा पट्टा) बसतो तेथून, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणून, ११,८८० ने भागले की किलोमध्ये अंदाजे वजन मिळते. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे ३०० किलो. स्वार, खोगीर, पाणी, पडशी असे सर्व मिळून त्याच्या एक पंचमांशापेक्षा जास्त ओझे नसावे, म्हणजे या घोड्यावर ६० किलो. आपल्याकडील बहुतेक घोडे या मापाचे असतात आणि बहुतेक स्वार खोगिरासह या आकड्याच्या वर जातात. अशा वेळी हलक्या स्वाराने बसावे किंवा चढावर उतरून चालावे. तिसरा मार्ग नाही.

सरावाला आठवड्यातून चार दिवस द्यावेत. पहिले दोन आठवडे तासभर पावलाची चाल, ताशी सहा किलोमीटरच्या सुमारास. पुढचे दोन आठवडे दीड ते दोन तास, त्यात थोडी दुडकी. त्यानंतर चढाची वाट. बेळगावजवळच्यांना येळ्ळूरगडाच्या पायथ्याचे चढ यासाठी सोयीचे पडतात. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा.

प्रगती पाहायची ती नाडीवर. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवर बोटे हलकेच टेकवून १५ सेकंद ठोके मोजावेत आणि चाराने गुणावेत. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. काम थांबवल्यानंतर १५ ते २० मिनिटांत ती ६४ च्या खाली, म्हणजे १५ सेकंदांत १६ ठोक्यांच्या आत, यायला हवी. सलग तीन सरावांत ती आली नाही तर तारीख पुढे ढकलावी, परवानगी हातात असली तरीही.

याच काळात घोड्याला अनोळखी गोष्टींची सवय लावावी. बांबूच्या बेटातून जाणारी करकर, वाहते पाणी, गुरांचा कळप, वाड्यावरची कुत्री आणि प्लॅस्टिकचा फडफडणारा कागद. शर्यतीचे घोडे पाण्यात पाय घालायला विशेष बिचकतात. गावच्या ओढ्यात रोज पाच मिनिटे उभे करावे.

टप्पा ५: चारा बदलणे (१४ दिवस आधी)

या टप्प्याकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात, आणि रानाचे सर्वांत मोठे नुकसान येथूनच होते. घोड्याच्या पोटातून अनेक बिया न पचता बाहेर पडतात आणि त्यांना त्यासाठी साधारण दोन ते चार दिवस लागतात. शेताच्या बांधावरचे गवत खाल्लेला घोडा रानात गेला की त्याच्या लिदीतून गाजरगवताचे बी थेट रानात पडते, तेही खतासकट. रानमोडी आणि घाणेरीने खानापूरची रानकड किती व्यापली आहे हे आपण पाहतोच. त्यात आपल्या घोड्याने भर घालू नये.

म्हणून रानात शिरण्याच्या किमान चार दिवस आधीपासून घोडा पूर्णपणे बिया नसलेल्या चाऱ्यावर असला पाहिजे: कणसे काढून घेतलेल्या वाळलेल्या कडब्याची कुट्टी, फुलोऱ्यापूर्वी कापलेला ओट किंवा लसूणघास, आणि चंदीसाठी, म्हणजे दाण्याच्या खुराकासाठी, भरडलेले जव किंवा भिजवून भरडलेला हरभरा. परंतु हा बदल एका दिवसात केला तर पोटशूळ होतो. जुना चारा रोज थोडा कमी आणि नवा थोडा जास्त, असे आठ ते दहा दिवस घ्यावे लागतात. दहा अधिक चार म्हणजे चौदा, हा हिशोब असा आहे.

कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला देऊ नये. तिच्यात विषारी द्रव्य असते. निव्वळ भाताच्या पिंजरावरही ठेवू नये, त्यात पोषण फार कमी असते.

पाण्याची सवयही येथेच लावावी. अनेक घोडे अनोळखी पाणी पीत नाहीत आणि कामाच्या दिवशी तहानलेले राहतात. घरी आठवडाभर पाण्यात किंचित गूळ विरघळवून द्यावा. रानात तोच गूळ घातला की परके पाणी त्यांना ओळखीचे वाटते.

टप्पा ६: नाल, खोगीर आणि अंगाची सफाई (८ ते १० दिवस आधी)

नालबंदाला आठ-दहा दिवस आधी बोलवावे. आदल्या दिवशी ठोकलेल्या नालीचा एखादा खिळा आतल्या जिवंत भागाला दाबत असेल तर तो घोडा दुसऱ्या दिवशी लंगडतो, आणि तोवर आपण जांबोटीच्या पुढे असतो. खिळ्यांची मुडपलेली टोके बोट फिरवल्यावर लागता कामा नयेत, नालीची टाच खुराच्या बाहेर डोकावू नये, आणि हातोडीने खुरावर हलके ठोकल्यावर आवाज भरीव यावा. खानापूरकडची जांभ्याची वाट खडबडीत असते, तिच्यावर बिननालेचे मऊ खूर लवकर झिजतात.

खोगिराबाबत एक गोष्ट मी स्वतःच्या घोडीकडून शिकलो. डिसेंबरातल्या एका फेऱ्यात ती चढावर वारंवार थांबून पोटाकडे मान वळवू लागली. मला वाटले पोटशूळ. खोगीर उतरवले तेव्हा घोंगडीच्या आतल्या बाजूला, तंगाच्या वर चार बोटांवर, कुसळी गवताची सात-आठ कुसळे रुतलेली होती. टोक कातडीत आणि शेपटी लोकरीत, आणि प्रत्येक पावलाला ती थोडी थोडी आत जात होती. तेथील केस ओले होऊन चिकटले होते आणि कातडीवर तांबूस ठिपके उठले होते. आदल्या दिवशी घोंगडी माळावर वाळत टाकली होती, तेथून ती आली. तेव्हापासून घोंगडी दोरीवरच वाळते, आणि खोगीर चढवण्याआधी मी उलट्या तळहाताने तिच्यावरून दोनदा हात फिरवतो. तळहाताच्या मागची कातडी मऊ असल्यामुळे कुसळ लगेच टोचते. ही कुसळेही बियाच आहेत, त्यामुळे ही तपासणी घोड्यासाठी आहे तशीच रानासाठीही आहे.

*तपासणी (आदल्या संध्याकाळी):* अंगाला खरारा, शेपटी आणि आयाळ विंचरून बिया काढणे, चारही खुरांचे तळ कोरून माती घरीच टाकणे, टेम्पोची फळी झाडून धुणे. तंग, रिकिबीचे पट्टे आणि लगामाचे शिवण हाताने ओढून पाहणे.

टप्पा ७: गाडीत चढवणे आणि प्रवास

बांधावरून उडी मारून घोडा टेम्पोत घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. घरी बांध असतो, परंतु रानाच्या तोंडाशी उतरवायला तो नसतो, आणि मग घोड्याला उंचावरून खाली ओढले जाते. पुढच्या पायांच्या सांध्यांना त्यातून झालेली इजा तेथे दिसत नाही, घरी आल्यावर दिसते. रुंद, न हलणारी, आडव्या पट्ट्या ठोकलेली उतरंड गाडीसोबतच हवी. सात दिवस आधीपासून रोज एकदा घोडा चढवून, तोबऱ्यात मूठभर चंदी देऊन, न चालवता उतरवावा.

गाडीत तळाला रबरी चटई किंवा जाड पिंजर टाकावे. मात्र पिंजर घरी परत आणावे, रानात झाडू नये. मोरकीला (तोंडावरच्या दोरीच्या साजाला) बांधावे, लगामाला बांधू नये, आणि गाठ एका ओढीत सुटणारी असावी. घोड्याला मान खाली करता येईल एवढी दोरी ठेवावी, अन्यथा नाकातील घाण श्वासनलिकेत उतरते. मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, घोड्याजवळ बसावा. प्रत्येक घोड्यामागे ४० लिटर पाणी, स्वतःची बादली, आणि लीद भरण्यासाठी दोन गोणी घ्याव्यात. बादली दुसऱ्याच्या घोड्याला देऊ नये. श्वसनाचे रोग बादलीतून पसरतात.

निघण्यापूर्वी घोडे पाहणाऱ्या पशुवैद्यकाचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, कारण सर्वच डॉक्टर घोड्यांवर उपचार करतात असे नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आणि वनखात्याचा १९२६ आहे. जांबोटीच्या पुढे पुष्कळ ठिकाणी मोबाइलची रेंज नसते, म्हणून परतण्याची वेळ घरी आणि शेवटच्या गावात दोन्हीकडे सांगून जावे.

टप्पा ८: रानात

उतरवल्यावर घोड्याला अर्धा तास उभे राहू द्यावे, पाणी दाखवावे, दहा मिनिटे हाताने चालवावे आणि मगच खोगीर घालावे. पहिल्या पंधरा मिनिटांनंतर एकदा थांबून तंग पुन्हा आवळावा. खोगीर घालताना घोडा पोट फुगवतो, नंतर तंग ढिला पडतो.

शांत आणि वयाने मोठा घोडा पुढे, बिचकणारा मध्ये. दोन घोड्यांत किमान एका घोड्याएवढे अंतर. वाटेच्या मधूनच चालावे. चिखल टाळण्यासाठी कडेने गेले की वाट दरवर्षी रुंद होत जाते. शेताच्या कडेला विशेष जपावे. डुकरांसाठी लावलेले फास आणि सौर झटक्याचे कुंपण गवतात दिसत नाही, आणि तारेला नाक लागलेला घोडा स्वाराला टाकूनच पळतो.

गवा दिसला तर थांबावे, घोडे एकत्र करावेत, त्याला जाण्याची वाट मोकळी ठेवावी, आणि तो हलला नाही तर आलेल्या वाटेने पावलाच्या चालीनेच मागे फिरावे. पळणारा घोडा पाहिला की गवाही उधळतो. हत्तीची ताजी लीद किंवा मोडलेले बांबू दिसले तर तेथूनच परतावे. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखालून जाऊ नये, अत्तर लावून येऊ नये, आणि माश्या उठल्याच तर खाली उतरून घोडा धरून ठेवण्याचा हट्ट करू नये. स्वार आणि घोडा दोघांनीही तेथून वेगाने दूर जाणे हाच एक उपाय आहे.

थांबताना पाण्यापासून साठ-सत्तर पावले दूर थांबावे. एका झाडाला घोडा बांधला की तो बुंध्याभोवती खूर आपटून मुळे उघडी पाडतो आणि साल चावतो. दोन झाडांमध्ये डोक्याच्या उंचीवर दोर ताणून, झाडाला दोर लागतो तेथे गोणपाटाची घडी घालून, त्या दोराला मोरकी बांधावी. घोड्याला रानातले काहीही तोडून देऊ नये. घाणेरी आणि धोत्रा विषारी आहेतच, पण गावाजवळच्या देवळाच्या आवारातली कण्हेर त्याहून घातक. तिची थोडी पानेही घोड्याला मारतात, आणि नेमके तेथेच सावली पाहून घोडे बांधले जातात.

लीद पडली की तेव्हाच गोणीत भरावी. विडी, चूल, शेकोटी पूर्ण वर्ज्य.

*तपासणी (दर तासाला):* नाडी. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत येतो का. मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच बसते का. चारही नाली जागेवर आहेत का. यातील एकही उत्तर नकारार्थी आले तर स्वाराने उतरावे आणि घोडा चालवत जवळच्या रस्त्यावर आणावा.

*सावधान:* शेजारच्या सत्तरी (गोवा) आणि दोडामार्ग (महाराष्ट्र) तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि हा ताप गोचिडांतून येतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायघोळ विजारीवर मोजे, उघड्या कातडीवर गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल. मेलेले माकड दिसले तर त्याच्या जवळ जाऊ नये, जागा लक्षात ठेवून वनखात्याला कळवावे.

टप्पा ९: परतल्यावर

गाडीत चढवण्याआधी घोड्याची नाडी ६४ च्या खाली आलेली असावी आणि अंग कोरडे असावे. घामेजलेला घोडा धावत्या गाडीच्या वाऱ्यात उभा करू नये. तेथेच, रानाच्या तोंडाशी, खुरांचे तळ कोरून घ्यावेत.

घरी आल्यावर कानांच्या आत, जबड्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला गोचीड पाहावेत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावेत, हाताने चिरडू नयेत. स्वारांनीही गरम पाण्याने अंघोळ करून स्वतःचे अंग तपासावे. पुढच्या दोन आठवड्यांत कोणाला एकाएकी ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना रानात गेल्याची तारीख आणि जागा आधी सांगावी.

चंदी त्या रात्री निम्मीच द्यावी. चारा आणि पाणी भरपूर. पहिली लघवी पाहण्यासाठी मोतद्दाराला थांबायला सांगावे. ती कॉफीसारखी गडद असेल आणि घोडा मागच्या पायांनी ताठर चालत असेल तर त्याला जागचा हलवू नये, त्याच रात्री पशुवैद्यकाला बोलवावे. हे स्नायू खराब झाल्याचे लक्षण आहे आणि चालवल्याने ते वाढते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवरून आणि तंगाच्या जागेवरून हात फिरवून सूज किंवा गरमपणा लागतो का ते पाहावे, मग त्याला वीस मिनिटे मोकळे चालवावे. खोगीर तीन दिवस चढवू नये.

आठवड्याच्या आत वलय कार्यालयात अर्ध्या पानाचे पत्र द्यावे: किती वाजता आत गेलो, किती वाजता बाहेर पडलो, किती लीद परत आणली, वाटेवर कोठे फास, तार, पडलेले झाड किंवा वन्यप्राण्यांच्या खुणा दिसल्या. त्या पत्राची पोच मूळ परवानगीला टाचून ठेवावी आणि पुढच्या अर्जाला तिची प्रत जोडावी.